चारही चाकांची ओढ

दसरा उलटला की अनेक घरांत एक विषय हटकून निघतो. पाडव्याच्या मुहूर्तावर मोटार आणावयाची, तर कोणती? अलीकडे या चर्चेत ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ हा शब्द वारंवार कानी पडतो. ज्या मोटारीची चारही चाके इंजिनाच्या जोराने फिरतात, ती ही मोटार. विक्रेता तो शब्द असा काही उच्चारतो की मुलांचे डोळे चमकतात आणि वडील मंडळींचा हात नकळत खिशाकडे जातो. अशी गाडी घ्यावी की न घ्यावी, याचे उत्तर गुळगुळीत माहितीपत्रकात सापडत नाही. ते पुष्कळसे तिच्या इतिहासात सापडते. कारण ही कल्पना जेव्हा जेव्हा पुढे आली, तेव्हा तिच्या मुळाशी कोणाची तरी खरी अडचण होती. ती अडचण आपली आहे काय, एवढे ज्याने ओळखले त्याचे निम्मे काम झाले.

बैलगाडीची चाके बिचारी नुसती फिरतात. ओढण्याचे काम बैलांचे. मोटारीत मात्र ओढण्याचे कामही चाकांवरच येऊन पडले. बहुतेक मोटारींत ते दोनच चाके करतात, पुढची किंवा मागची. उरलेली दोन बैलगाडीच्या चाकांप्रमाणे मागून किंवा पुढून चालत राहतात. चिखलात, वाळूत किंवा बर्फात ती कामाची दोन चाके जागच्या जागी गरगरू लागली की सारा खेळ संपला. मग चारही चाकांना कामाला का लावू नये? हा विचार कोणालाही सुचण्यासारखा आहे, आणि तो मोटारीच्या बाळपणीच सुचला होता.

१९०० साली व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यात फर्डिनंड पोर्शे हा तरुण चाकांच्या तुंब्यातच विजेची मोटर बसवीत होता. एका इंग्रज गिऱ्हाइकासाठी त्याने चारही चाकांत अशा मोटरी बसवून दिल्या. ना साखळी, ना लांब दांडा. पण त्या गाडीतील शिशाच्या बॅटऱ्यांचे वजनच सुमारे १८०० किलो भरले! कल्पना खरी होती. काळ तिच्या जोगता नव्हता.

तीन वर्षांनी, १९०३ साली, हॉलंडमधील स्पायकर बंधूंनी पेट्रोलवर चालणारी चौचाकी ओढीची पहिली मोटार तयार केली. हे मूळचे घोडागाड्या बांधणारे कारागीर. राणी विल्हेल्मिना हिला ॲमस्टरडॅमच्या नागरिकांनी १८९८ साली जी सोनेरी बग्गी अर्पण केली, ती यांच्याच कारखान्यातली. त्यांच्या नव्या मोटारीला सहा सिलिंडरांचे इंजिन होते आणि ब्रेकही चारही चाकांना होते. आज ती हेग येथील लूमन संग्रहालयात पाहावयास मिळते. परंतु अशी गाडी बांधणे फार खर्चाचे आणि विकणे त्याहून कठीण. म्हणून ही कल्पना घरगुती मोटारीत रुजावयास पुढे सुमारे सात दशके जावी लागली.

हा विलंब का लागला, हे समजून घेतले तर आजच्या गिऱ्हाइकाचा फार फायदा आहे. शाळेच्या कवायतीत मुलांची रांग वळते, तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला धावावे लागते. मोटारीच्या चाकांचेही तसेच. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर कापते, आतले कमी. म्हणून दोहोंच्या मध्ये ‘डिफरन्शियल’ नावाची दातेरी चक्रांची जोडणी असते. ती दोघांना आपापल्या गतीने फिरू देते. पण वळणावर पुढची दोन चाकेही मागच्या दोहोंपेक्षा अधिक अंतर कापतात. चारही चाके एकाच इंजिनाला जखडली, की पुढची आणि मागची एकमेकांशी भांडू लागतात. चिखलात किंवा बर्फात चाक थोडे घसरते आणि भांडण मिटते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र चाकाला घसरता येत नाही. मग टायर झिजतात, दांड्यांवर ताण येतो आणि वळताना गाडी अडखळत उड्या मारते.

या अडचणीवर पहिला सर्वपरिचित तोडगा निघाला तो युद्धात. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी मागविली. बँटम या लहानशा कंपनीने सप्टेंबरात नमुना हजर केला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. हीच आपली ‘जीप’. तिच्यातील उपाय अगदी साधा होता: पक्क्या रस्त्यावर पुढच्या चाकांचा जोर तोडावयाचा, चिखल आला की दांडी ओढून तो जोडावयाचा. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि जीप हा मराठी शब्दच झाला. तालुक्याच्या साहेबांची, निवडणुकीच्या प्रचाराची, शेताच्या बांधापर्यंत जाणारी, अशी ती घराघराला ठाऊक झाली. इंग्लंडात १९४८ साली लँड रोव्हर आली, तीही शेतकऱ्याच्या कामासाठीच. या गाड्या राबणाऱ्या होत्या. त्यांत आजीला बसवून कोणी लग्नाला नेले तर उतरताना तिची कंबर तिच्या स्वाधीन राहील याची खात्री नव्हती.

जीपच्या वळणाची ही ‘तात्पुरती जोडणी’ आजही काही दणकट गाड्यांत असते. तेव्हा पहिला प्रश्न विक्रेत्याला हाच विचारावा: चारही चाकांचा जोर कोरड्या रस्त्यावर चालू ठेवता येतो काय? ‘नाही’ असे उत्तर आले, तर ती गाडी चिखलवाटेची सोबतीण आहे, पावसाळी महामार्गाची नव्हे. पुष्कळ लोक घाटात पावसाची सर आली की ती दांडी किंवा ते बटण वापरून निश्चिंत होतात, आणि मग वळणावर गाडी का अडखळते याचे नवल करीत बसतात.

खऱ्या अर्थाने कौटुंबिक अशा चौचाकी मोटारीचा जन्म जपानच्या तोहोकू प्रांतातला. तेथे हिवाळ्यात बर्फाचे ढीग पडतात. तेथील वीज कंपनीच्या माणसांना तारा तपासण्यासाठी डोंगरांत जावे लागे आणि त्यासाठी जीपच वापरावी लागे. जीप जाई कोठेही. पण थंडीने माणसे काकडून जात. जीपसारखी चालणारी पण मोटारीसारखी उबदार गाडी मिळेल काय, अशी विचारणा त्यांनी सुबारूच्या स्थानिक विक्रेत्याकडे केली. त्या लोकांनी पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या एका साध्या गाडीला मागच्या चाकांचाही जोर जोडून दाखविला, आणि त्यातून १९७२ साली सुबारूची ‘लिओनी’ ही चौचाकी गाडी बाजारात आली. मोठ्या प्रमाणावर निघालेली अशी ही पहिलीच घरगुती मोटार. मौज अशी की तिच्या मागे शर्यत नव्हती, रुबाब नव्हता. होते ते कुडकुडणारे तारवाले. गरज किती नेमकी होती पाहा: अमुक रस्ता, अमुक ऋतू, अमुक काम. गाडी घेणाऱ्याने स्वतःची गरज इतक्याच नेमकेपणाने कागदावर लिहून काढावी. वर्षातून किती दिवस आपण बर्फ, वाळू, चिखल किंवा ओला चढ तुडविणार आहोत?

दुसरी गोष्ट जर्मनीची. १९७६-७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे अभियंते फिनलंडच्या बर्फात गाड्यांची परीक्षा घेत होते. सोबत ‘इल्टिस’ नावाची एक लष्करी गाडी होती. शक्ती अवघी ७५ अश्वांची. पण बर्फावर तिने तिच्याहून बलवान मोटारींना मागे टाकले. योर्ग बेन्सिंगर या अभियंत्याने ते हेरले. जानेवारी १९७८ मध्ये ऑस्ट्रियातील टुराखर होहे या बर्फाळ घाटाचा चढ नमुन्याच्या गाडीने साखळ्यांवाचून, उन्हाळी टायरांवर पार केला. तरी त्या नमुन्यात जीपचाच दोष उरला होता. कारखान्यातील एका वरिष्ठाच्या पत्नीने ती गाडी व्हिएन्नाच्या बाजारात नेली आणि “ही वळताना उड्या मारते,” अशी तक्रार केली, अशी गोष्ट सांगितली जाते. अखेरीस पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्येही एक डिफरन्शियल बसविण्यात आले आणि १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘क्वात्रो’ अवतरली. पुढच्याच वर्षी मिशेल मूतों या फ्रेंच स्त्रीने तीच गाडी हाकून इटलीतील सानरेमोची शर्यत जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री.

यानंतरची पिढी काटकसरीची. जोर नेहमी दोनच चाकांना, आणि ती घसरू लागली की मधली जोडणी आपोआप आवळून उरलेल्या दोघांना कामाला लावावयाचे. १९९४ सालची टोयोटा ‘राव-४’ आणि १९९५ सालची होंडा ‘सीआर-व्ही’ यांनी उंच बांध्याची शहरी गाडी घराघरांत नेली. आज ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ म्हणून कुटुंबांना विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या या मागणीनुसार जोर देणाऱ्या जातीच्या आहेत. ओल्या, निसरड्या रस्त्याला त्या उत्तम. पण खोल चिखलात बराच वेळ धडपड केली तर मधली जोडणी तापते आणि काही गाड्यांत ती थंड होईपर्यंत जोर थांबतो. म्हणजे नाव एक आणि जाती तीन: तात्पुरती, कायमची आणि मागणीनुसार. आपण कोणती घेत आहोत हे पैसे देण्यापूर्वी कळले पाहिजे.

आता खर्चाचा हिशेब. जादा दांडा, जादा डिफरन्शियल आणि त्यांचे तेल यांनी वजन वाढते. इंधन थोडे अधिक लागते. मागच्या आसनाखालची किंवा सामानाची जागा काही गाड्यांत घटते. सर्वांत फसवा खर्च टायरांचा. नव्या टायरची त्रिज्या ३३० मिलिमीटर धरा. नक्षी पाच मिलिमीटर झिजलेला टायर ३२५ चा झाला. हा झिजलेला टायर नव्यापेक्षा दर किलोमीटरला सुमारे सात फेरे अधिक मारतो. म्हणजे सरळ रस्त्यावरही गाडी जणू अखंड वळणावर चालली आहे, आणि मधली जोडणी विनाकारण राबत आहे. म्हणून अशा गाडीला चारही टायर एका मापाचे, एका जातीचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले हवेत. एक फाटला तर पुष्कळदा चार घ्यावे लागतात. जादा चाक पूर्ण मापाचे आहे ना, तेही डिकी उघडून पाहावे. गाडी बंद पडली तर तिची दोन चाके उचलून ओढून नेता येत नाही; बहुधा चारही उचलावी लागतात. आपल्या गावी हे सारे ठाऊक असलेला कारागीर आहे काय, याची चौकशी रंग निवडण्याच्या आधी करावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तिच्याशी माणसांच्या जिवाचा संबंध आहे. चारही चाकांची ओढ गाडी निघावयास मदत करते. थांबावयास करीत नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर, ब्रेक आणि वेग ठरवितात. हे शहाणपण जुनेच आहे. १९६६ साली इंग्लंडात ‘जेन्सन एफएफ’ ही चौचाकी ओढीची मोटार निघाली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी चाके जखडू न देणारे ब्रेकही तिला जोडले. निघणे आणि थांबणे ही दोन निराळी कामे आहेत हे त्यांनी ओळखले होते. ती इतकी महाग पडली की अवघ्या ३२० गाड्या तयार झाल्या. पण तिचा धडा स्वस्त आहे. चौचाकी गाडी निसरड्या रस्त्यावर इतक्या सहज वेग घेते की रस्ता निसरडा आहे हेच चालक विसरतो.

आणि पाणी. पावसाळ्यात फरशीवरून ओढा वाहत असतो. पलीकडे सासुरवाडी, माहेर किंवा नुसते गरम जेवण वाट पाहत असते. सुमारे ३० सेंटीमीटर वाहते पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते आणि ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक मोटारींना पुरे होते. तरंगू लागलेल्या गाडीची चाके दोन फिरोत की चार, त्यांना धरावयास जमीनच उरत नाही. अशा वेळी परत फिरणारा चालकच कुटुंबाचा खरा रक्षक.

तर मग घ्यावी कोणी? ज्याचे घर कच्च्या चढावर आहे, ज्याची बाग कोकणच्या लाल चिखलापलीकडे आहे, ज्याचा मुलगा कॅनडाच्या बर्फात संसार थाटून बसला आहे, त्याने खुशाल घ्यावी. त्याची अडचण तोहोकूच्या तारवाल्यांची सख्खी बहीण आहे. ज्याचा सारा प्रवास डांबरी रस्त्यावरून कचेरी, शाळा आणि बाजार एवढाच आहे, त्याने तोच पैसा चांगले टायर, चांगले ब्रेक आणि हवेच्या पिशव्या देणाऱ्या गाडीवर खर्चावा. घरच्या वडीलधाऱ्यांना बरोबर नेऊन आसनावर चढावयास आणि उतरावयास लावावे. गाडीची उंची त्यांच्या गुडघ्यांना विचारूनच ठरवावी.

इतिहासाचे चाकही फिरून मूळ जागी येते. आज विजेच्या अनेक मोटारींत पुढे एक आणि मागे एक अशा मोटरी असतात. मधला लांब दांडा पुन्हा नाहीसा झाला आहे. पोर्शेने १९०० साली जे योजिले त्याला आता हलक्या बॅटऱ्यांची साथ मिळाली. यंत्र बदलले, पण गिऱ्हाइकापुढचा प्रश्न तोच राहिला. पाडव्याला गाडीला हार घालाल, चाकाखाली लिंबू ठेवाल, तेव्हा ही चार चाके आपल्याला कोठे नेणार आहेत याचे उत्तर आधीच मनाशी पक्के असू द्या.