फायनल पास गुरुजींची इंग्रजी

आमच्याकडचे जुने मास्तर व्हर्नाक्युलर फायनल झालेले. सातवीची ती परीक्षा सुटली की पोरगं मास्तरकीला लायक, मग ट्रेनिंग. त्या परीक्षेत इंग्रजीच नव्हतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून झालं, पुढं पाचवीवर आलं. चौथीपर्यंतच्या शाळेतला मास्तर एबीसीडीवाचून नोकरी करून निवृत्त होई. गावातले कोर्टाचे कागद तोच वाचून दाखवी. त्याला अडाणी म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आम्ही डी.एड.ला गेलो तेव्हा इंग्रजी अध्यापन हा विषय होता. घरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेलो. तिथं मात्र मराठी शब्द तोंडातून काढायचा नाही. संरचना पद्धती! पुस्तक हातात धरलं की ‘धिस इज अ बुक’, लांब टेबलावर ठेवलं की ‘दॅट इज अ बुक’. पाठ टाचणं मागल्या बॅचच्या वह्यांतून उतरत यायची. पद्धत आली, भाषा राहिली. दोन वर्षांत एक इंग्रजी गोष्ट कुणी आम्हाला नुसती गोडीसाठी वाचून दाखवली नाही, की वाचायला दिली नाही. जी भाषा आपल्याला गोड लागली नाही, ती पोरांना कशी लावायची?

जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. निर्णय बरोबरच होता. शहरातल्या पोराला मिळतं ते धनगराच्या पोराला का नको? पण आमच्या शाळेतल्या एका गुरुजींची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. चार दिवसांच्या प्रशिक्षणाहून ते एक वही घेऊन आले. डावीकडं चित्र, उजवीकडं देवनागरीत इंग्रजी : ‘स्टँड अप’, ‘सिट डाऊन’, ‘धिस इज अ कॅट’. रात्री कंदिलापाशी बसून ते पुटपुटत घोकायचे. घरच्यांना वाटे, स्तोत्र म्हणतायत.

वर्गात एकानं विचारलंच, “गुरुजी, मांजराला क्याट का म्हनायचं?”

“सायबाच्या घरी पाळलंय म्हणून,” गुरुजी म्हणाले, आणि सगळ्यांकडून दहादा म्हणवून घेतलं.

ते गेल्यावर नवा डी.एड. झालेला तरुण आला. बारावीपर्यंत इंग्रजी शिकलेला. पहिल्याच आठवड्यात त्यानं कपाटातली ती वही मागून घेतली.