बहिरमच्या यात्रेतली बोट

वऱ्हाडात चार दिवसांच्या खेळण्यांचा धंदा कापसाच्या चुकाऱ्यावर उभा राहिला. दिवाळीनंतर कापूस विकून हाती रोकड येते आणि २० डिसेंबरला सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते, ती थेट जानेवारीअखेरपर्यंत. लोक तिला हंडीतल्या मटणासाठी आणि रोडग्यांसाठी ओळखतात. मला ती खेळण्यांच्या दुकानांसाठी प्रिय आहे.

त्यातही वातीवर चालणारी पत्र्याची बोट. असल्या बोटीचं पेटंट थॉमस पियो यांनी १८९१ मध्ये ब्रिटनमध्ये घेतलं. पोटात चपटी टाकी, तिला मागे दोन नळ्या, खाली तेलाची वात. वाफ नळीतलं पाणी मागे ढकलते, थंड झाली की पाणी पुन्हा आत ओढलं जातं. नळ्यांची झाळ सुटली की खेळ संपला.

माझे आजोबा परतवाड्याहून या यात्रेत खेळण्यांचा माल न्यायचे. पाण्याची परात मांडून बोट अखंड फिरती ठेवायची, हे त्यांचं कसब. फटफट ऐकून पोरगं थबकायचं, मग बापाला थांबावंच लागायचं. पुढच्या साली तेच लोक बोटीकडे वळूनही पाहत नसत, म्हणून आजोबा यात्रा उठायच्या आतच नव्या खेळण्याची चौकशी सुरू करत.