काकूची विळी आणि लाइपझिगचे काप

परवा चुलतभावाचा साखरपुडा झाला. फोटोग्राफर बिचारा "समोर बघा, समोर बघा" करून थकला, पण आमचा पठ्ठ्या दर वेळी उजवा गाल पुढे करायचा. लहानपणापासूनची सवय. डाव्या नाकपुडीखाली ओठावर टाक्यांची पुसट रेघ आहे. जन्मला तेव्हा ओठ दुभंगलेला होता.

जेवणाच्या पंगतीत नवरीच्या आईने हळूच विचारलं, "हे पुढे मुलांमध्ये येतं का हो?" आमच्या आत्याबाई ताबडतोब, "छे छे! ही ग्रहणात विळीवर बसली होती ना, त्याचं आहे ते." सगळे निवांत झाले. काकू मात्र खाली मान घालून वाढत राहिली. ११ ऑगस्ट १९९९ चं ग्रहण, संध्याकाळची वेळ, आणि तिने चार भेंड्या चिरल्या. सव्वीस वर्षं ऐकतेय ती हे.

मला झोप येईना. मग काय, रविवार अख्खा वाचनात गेला.

गंमत म्हणजे हा आरोप फक्त आपल्याकडचा नाही. युरोपात ग्रहणाऐवजी ससा होता. गरोदर बाईला ससा आडवा गेला की बाळाचा ओठ सशासारखा होणार! विल्यम हार्वी (तोच, रक्ताभिसरणवाला) याने १६५१ च्या प्राण्यांच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात शहाणपणाचं काही लिहिलं. गर्भात वरचा ओठ उशिरा मिटतो, म्हणून हा दोष म्हणजे अर्धवट राहिलेली एक नेहमीचीच पायरी. थोडक्यात, बाहेरून कोणी काही चिरलेलं नाही, आतलं जोडकाम अपुरं राहिलं. पण उशिरा म्हणजे नेमकं कधी, हे बघायचं साधन हार्वीकडे नव्हतं.

ते जमवलं विल्हेल्म हिस या माणसाने. जन्म बाझलचा, १८३१. १८७२ पासून लाइपझिगला शरीररचनेचा प्राध्यापक. अडचण अशी की चेहरा घडतो तेव्हा अख्खा गर्भ चार-पाच मिलिमीटरचा, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याएवढा. त्यावर चाकू कसा चालवणार? हिसने मायक्रोटोम वापरलं, म्हणजे पातळ, सारख्या जाडीचे काप पाडणारं यंत्र. प्रत्येक काप सूक्ष्मदर्शकाखाली मोठा करून कागदावर काढायचा, आणि मग सगळे कागद मनात (आणि मापात) एकावर एक रचून मूळ आकार परत उभा करायचा. सीटी स्कॅनचं सॉफ्टवेअर आज जे करतं ते हा माणूस पेन्सिलीने करत होता! त्यावरून फ्रायबर्गच्या त्सीग्लरांच्या कारखान्यात मेणाचे मोठे नमुने बनले आणि ते बघून डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या.

हे गर्भ यायचे कुठून? गर्भपात झालेल्या बायकांकडून, डॉक्टर आणि सुइणींच्या हातून. १८८० ते १८८५ दरम्यान तीन भागांत निघालेल्या त्याच्या मानवी गर्भाच्या ग्रंथात त्यांना नुसती अक्षरांची नावं आहेत. ते वाचताना जरा थबकायला होतं. प्रत्येक अक्षरामागे कुणीतरी काकू असणार, आणि तिलाही कुणीतरी काहीतरी ऐकवलं असणार.

या कापांमधून दिसलं ते असं. चौथ्या आठवड्याच्या शेवटी तोंड म्हणजे नुसता खड्डा, आणि त्याभोवती पाच उंचवटे. वर कपाळाचा एक, बाजूंना वरच्या जबड्याचे दोन, खाली खालच्या जबड्याचे दोन. डोळे माशासारखे बाजूला. मग वरच्या उंचवट्यात नाकाचे दोन खळगे पडतात, बाजूचे उंचवटे मध्ये सरकतात आणि सगळे एकमेकांना येऊन चिकटतात. नाकाखालून ओठाकडे उतरणारी पन्हळ आहे ना, ती या जोडकामाची खूण. आरशात बघा, सापडेल. सातव्या आठवड्यापर्यंत ओठाचं काम संपतं. टाळू त्यानंतर, साधारण बाराव्यापर्यंत.

(हिसचं अजून एक काम सांगायचा मोह आवरत नाही. संगीतकार बाखचा म्हणून १८९४ मध्ये लाइपझिगला जो सांगाडा उकरला, त्याच्या कवटीवर मांसाची जाडी मोजूनमापून शिल्पकाराकडून चेहरा चढवून घेणारा हाच!)

असो. मूळ मुद्दा. भाऊ पूर्ण दिवसांचा, जन्म २० नोव्हेंबर १९९९. तिथून ३८ आठवडे मागे जा, गर्भधारणा फेब्रुवारीच्या शेवटी. त्यापुढे सात आठवडे म्हणजे एप्रिलचा मध्य. ग्रहण ऑगस्टमध्ये! आमच्या भाषेत सांगायचं तर बग एप्रिलच्या बिल्डमध्ये होता आणि आपण ऑगस्टला ऑफिसात चहा प्यायलेल्या माणसाला धरलंय.

पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. जगात साधारण सातशे जन्मांमागे एक बाळ असं असतं, आणि कारणं मिश्र असतात. काही औषधं, धूम्रपान, आणि हो, जनुकंसुद्धा. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलात येण्याची शक्यता थोडी वाढते. शेकड्यात तीन-चार, म्हणजे बहुतेक मुलं ठणठणीतच, पण शून्य नाही. नवरीच्या आईचा प्रश्न बरोबर होता. ग्रहणाचं उत्तर सगळ्यांना सोयीचं होतं, कारण त्यात खानदान सुटतं आणि एकटी काकू अडकते. भावाला हे मी आधी सांगितलं. तो म्हणाला, "तिला माझ्याकडूनच कळू दे," आणि त्याच रात्री होणाऱ्या बायकोला फोन केला.

काकूकडे मी काल गेलो. कॅलेंडर काढून तारखा दाखवल्या, कागदावर पाच उंचवटे काढले. तिने चष्मा लावून सगळं नीट बघितलं. दोनदा आठवडे मोजले, बोटांवर.

मग म्हणाली, "म्हणजे एप्रिल. एप्रिलमध्ये काय बरं केलं होतं मी?"