माझ्या बेसचं वय काय?

मागच्या महिन्यात मी माझा बेस विकायला काढला. फेलोशिपचे चार महिन्यांचे पैसे अडकले होते, घरभाडं काही थांबत नाही, आणि थिसिस लिहायच्या वर्षात बेस तसाही खाटेखालीच पडून होता. फोटो काढले, जाहिरात लिहिली : 'जपानी प्रिसिजन बेस, १९८५, उत्तम स्थितीत, ४५ हजार.' तासाभरात एका मुलाचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो. "ताई, ८५ चाच आहे ना नक्की? दोन वर्षं पैसे साठवतोय मी."

मी "हो" म्हणून टाकलं. फोन ठेवला आणि मग जाणवलं, की हे '१९८५' मला कळलं कुठून, तर ज्याने मला तो विकला त्याच्याकडून. सहा वर्षांत मी ते एकदाही तपासलं नव्हतं. आणि लॅबमध्ये बाटलीवर तारीख घातली नाही म्हणून ज्युनिअर मुलांना ओरडणारीही मीच.

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या काही जणांनी विचारलं होतं, की साधनचिकित्सा म्हणजे नेमकं काय करतात. पुस्तकातली व्याख्या तुम्हाला पाठ असेलच. मी त्या रात्री जे केलं ते सांगते. पण आधी थोडा इतिहास, कारण बेसला 'वय' का चिकटलं आणि त्या वयाचे पैसे का मोजले जातात हे त्याशिवाय कळणार नाही.

बेस गिटारचं काम साधं आहे : सगळ्यात खालचे सूर देणं. तिची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. १९५० च्या आधी हे काम माणसाएवढ्या उंचीचा डबल बेस करायचा. तो गाडीच्या टपावर बांधून न्यायचा, आणि ब्रास आणि ड्रम सुरू झाले की तो ऐकूच यायचा नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये त्यावर तोड काढली : सपाट, भरीव लाकडाचा, गळ्यात अडकवायचा, विजेवर चालणारा चार तारांचा बेस. तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, किंमत १९९.५० डॉलर. डबल बेसवर सूर कानाने शोधावा लागतो. इथे पट्ट्या ठोकलेल्या, बोट ठेवलं की सूर अचूक. म्हणून नाव 'प्रिसिजन'. गंमत म्हणजे लिओ यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

'जगातला पहिला इलेक्ट्रिक बेस, १९५१' हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचाल. ते चूक आहे. सिअ‍ॅटलमधल्या पॉल टुटमार्क यांच्या ऑडिओव्हॉक्स कंपनीने १९३० च्या दशकातच '७३६' नावाचा मॉडेल विकायला आणला होता. भरीव लाकूड, चार तारा, पट्ट्या, पिकअप, आडवा धरून वाजवायचा. फेंडरच्या बेसची सगळी लक्षणं त्यात आहेत. तो फारसा खपला नाही आणि लोक विसरले. म्हणजे १९५१ हे बेस गिटारचं जन्मवर्ष नाही. ते, फार तर, ती बाजारात टिकून राहिली त्याचं वर्ष. दोन्हींत फरक आहे, आणि मुलाखतीत कुणी 'पहिला' हा शब्द वापरला तर मी तरी आधी 'कशातला पहिला?' असं विचारते.

आता पैशाची गोष्ट. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १३० लाख डॉलरला विकत घेतली. पुढच्या काही वर्षांत वाजवणाऱ्यांचं मत पडलं की माल पूर्वीसारखा राहिला नाही. त्यातून सेकंड हँड बाजारात एक रेघ ओढली गेली : 'सीबीएसपूर्वी' आणि 'सीबीएसनंतर'. डिसेंबर १९६४ चा बेस एका बाजूला, डिसेंबर १९६५ चा दुसऱ्या बाजूला, आणि किमतीत मोठी दरी. खरं तर सही झाली त्या दिवशी कारखान्यातली माणसं, यंत्रं, रचून ठेवलेलं लाकूड सगळं तेच होतं. पण बाजाराला रेघ लागते. आणि रेघ आली की कोणती वस्तू रेघेच्या कुठल्या बाजूला, हे ठरवण्याची विद्या जन्माला येते. ही विद्या मुख्यतः हौशी वादकांनी, दुकानदारांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी स्क्रू उघडून उघडून उभी केली, हे मला फार आवडतं.

ती अशी चालते. फेंडरच्या बेसची मान धडाला चार स्क्रूंनी जोडलेली असते. (आधी तारा सैल करा. मी पहिल्यांदा विसरले होते.) मान निघाली की तिच्या टोकाला, म्हणजे एरवी धडात लपलेल्या भागावर, कधी पेन्सिलीने, कधी शाईच्या शिक्क्याने तारीख सापडते. १९६० च्या दशकातल्या शिक्क्यांत महिन्याच्या आधी एक आकडा असतो. वर्षानुवर्षं लोक तो महिन्याचा दिवस म्हणून वाचत आले. तो दिवस नाही, मॉडेलचा सांकेतिक क्रमांक आहे. एकाच मॉडेलच्या सगळ्या माना महिन्याच्या एकाच तारखेला कशा तयार होतात, हा प्रश्न कुणाला तरी पडल्याशिवाय ही चूक दिसत नाही.

दुसरी जागा म्हणजे आतले पॉट. आवाज आणि टोन कमी-जास्त करायची बटणं ज्यांवर बसतात ते पोटेन्शिओमीटर. त्यांच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे : ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे वर्ष आणि आठवडा. ३०४६२३४ असेल तर स्टॅकपोल, १९६२, चौतिसावा आठवडा. इतकं स्पष्ट की मोह होतोच : चला, बेस ऑगस्ट १९६२ चा!

नाही. पॉट ऑगस्ट १९६२ चा. तो कारखान्यात कधी आला, किती दिवस पेटीत पडून राहिला, कधी बसवला, हे तो सांगत नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढची तीनेक वर्षं पुरला. त्यामुळे १९६९ च्या वाद्यातही १९६६ चा पॉट सापडतो. पॉट एवढंच म्हणतो की हे वाद्य, निदान आत्ताच्या रूपात, याच्या आधीचं नाही. एका बाजूची मर्यादा. विज्ञानाच्या मुलांना हे समजायला सोपं जावं : यंत्रावर आर्सेनिक दिसलं नाही तर आपण 'शून्य' लिहीत नाही, 'मोजता येण्याच्या मर्यादेपेक्षा कमी' लिहितो. इतिहासातही बहुतेक पुरावे असेच एका बाजूने बोलतात, आणि आपण त्यांना नेमका बिंदू समजून बसतो.

ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात 'मेसाया' नावाचं स्ट्रॅडिव्हेरियसचं व्हायोलिन आहे. आतल्या चिठ्ठीवर वर्ष १७१६. ते खरं की खोटं यावर मोठं भांडण झालं, शेवटी लाकडाच्या वर्षवलयांचा अभ्यास झाला. सगळ्यात अलीकडचं वलय १६८० च्या दशकातलं निघालं. म्हणजे चिठ्ठीवरचं वर्ष अशक्य नाही. पण ते व्हायोलिन स्ट्रॅडिव्हेरीनेच केलं, हे एकटं वलय सांगू शकत नाही.

उलट्या बाजूची मर्यादाही असते, आणि तिचं माझं आवडतं उदाहरण पॉल मॅकार्टनीचं आहे. १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये त्याने साधारण ३० पौंडांना हॉफनर ५००/१ घेतला. हलका, स्वस्त, आणि व्हायोलिनसारखा दोन्हीकडून सारखा. डावखुऱ्याने उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. निवडीची इतकी साधी कारणं. पुढे हा बेस हरवला. जानेवारी १९६९ च्या चित्रीकरणात तो दिसतो, त्यानंतर कुठे नाही, म्हणून तो तेव्हाच हरवला असं वर्षानुवर्षं धरून चाललेलं. निक वास आणि पत्रकार स्कॉट व नेओमी जोन्स यांनी २०२३ मध्ये लोकांना जाहीर आवाहन केलं, तेव्हा मॅकार्टनीच्या नंतरच्या बँडबरोबर काम केलेल्या एका ध्वनितंत्रज्ञाने कळवलं : चोरी १९७२ च्या ऑक्टोबरात, लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या केलेल्या व्हॅनमधून झाली. 'शेवटचा दिसला' याचं 'तेव्हाच हरवला' करून टाकलं होतं, आणि त्यामुळे शोध चुकीच्या वर्षात चालला होता. वर्ष सुधारलं आणि काही महिन्यांत बेस इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो परत मिळाल्याचं जाहीर झालं. मोटाउनच्या जेम्स जेमर्सनचा १९६२ चा प्रिसिजन १९८३ मध्ये चोरीला गेला, तो मात्र अजून गायब आहे.

तर त्या रात्री मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले.

मानेच्या मागे 'मेड इन जपान' आणि क्रमांक : ई, पुढे सहा आकडे, पहिला ५. विकणाऱ्याचं '१९८५' कुठून आलं ते तिथल्या तिथे कळलं. अमेरिकेत बनलेल्या फेंडरवर 'ई' म्हणजे ऐंशीचं दशक आणि पुढचा आकडा वर्षाचा. ई५ म्हणजे १९८५. पण माझा जपानी. फेंडर जपान १९८२ मध्ये सुरू झालं आणि तिथली 'ई' मालिका १९८४ ते १९८७ अशी सलग चालली. तिथे तो ५ वर्षाचा नाही, नुसता क्रमांकातला एक आकडा आहे. म्हणजे कुलूप जपानी आणि किल्ली अमेरिकन. १९८५ खरंही असेल कदाचित, पण या वाचनाने ते सिद्ध होत नाही. शिवाय क्रमांक मानेवर आहे, म्हणजे जे काही वय ठरेल ते मानेचं.

मान काढली. टोकाला तारीख नव्हती, एक फिकट शिक्का होता, वाचता न येणारा. धडाच्या खाचेत मात्र चार जुनी भोकं लाकडाच्या काड्या भरून बुजवलेली, आणि त्यांच्या शेजारी चार नवी. ही मान या धडाबरोबर जन्मलेली नाही. शेवटी पॉट. एक कोरा, दुसऱ्यावर १३७९८२१. सीटीएस, १९९८, एकविसावा आठवडा.

म्हणजे माझ्याकडे काय होतं? १९८४ ते ८७ मधली एक मान. वय माहीत नसलेलं धड. आणि मे १९९८ च्या आधी आत्ताच्या रूपात अस्तित्वातच नसलेला एक बेस. सहा वर्षांपूर्वी मी '८५ च्या' बेसचे पूर्ण ४५ हजार मोजले होते. विकणारा खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार.

खरं सांगते, रात्री एकदा मनात आलं की स्क्रू परत लावावेत आणि गप्प बसावं. त्या मुलाने विचारलं होतं, मी 'हो' म्हणाले होते, तो काही मान उघडून बघणार नव्हता. भाडं पाच तारखेला द्यायचं होतं. सकाळी त्याला फोन केला. सगळं सांगितलं, भोकांसकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण ताई, वाजतो कसा?"

रविवारी आला. तासभर वाजवला. सगळ्यात बारीक तारेवर सहाव्या पट्टीपाशी सूर लवकर मरतो हे त्याने स्वतःच शोधलं. मी सांगितलं की तिथे तारेचं आणि मानेचं कंपन जुळतं आणि मान ऊर्जा खाऊन टाकते, बऱ्याच बेसना हे असतं. त्याने ३० म्हटलं, मी ३५ म्हटलं, ३२ वर तुटलं. जाताना केसमध्ये एक कागद ठेवला : मान १९८४-८७, क्रमांकावरून, धड अज्ञात, एक पॉट १९९८, मान आणि धड नंतर जोडलेले, मी घेतला कधी, विकला कधी, कितीला. त्याने तो वाचला, घडी घालून खिशात ठेवायला लागला. मी म्हटलं, खिशात नको रे, केसमध्येच राहू दे.

दोन महिन्यांचं भाडं निघालं. फेलोशिप अजून आलेली नाही. पुढच्या वेळी लॅब नोटबुक कसं लिहावं यावर लिहीन, बऱ्याच जणांनी मागितलंय.