प्रोसेसरसाठी वेगळा कूलर कधी घ्यावा आणि तो कसा बसवावा?

देऊळगाव राजात मे महिन्यात ‘कूलर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो खिडकीला लावलेला, ओल्या गवतातून थंड हवा फेकणारा पत्र्याचा कूलर. कॉम्प्युटरमध्येही एक कूलर असतो. प्रोसेसरवर बसवलेला धातूचा ठोकळा आणि त्याला जोडलेला पंखा. नाव एकच असलं तरी दोघांचं काम वेगळं आहे. हा फरक समजला की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, हेही समजतं.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचा हंगाम एप्रिल-मेमध्ये असतो. प्रोसेसरवर सर्वाधिक ताण येतो, नेमका तेव्हाच पारा चाळिशीपार असतो. रेंडर लांबतं, पंखा घोंघावतो, कधी मशीन आपोआप बंद पडतं. अशा वेळी ‘नवीन पीसी घ्या’ असा सल्ला मिळतो. पण दोष अनेकदा प्रोसेसरचा नसतो, त्याची उष्णता बाहेर न पडण्याचा असतो.

उन्हाळ्यात नेमकं काय होतं?

खिडकीतला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो. प्रोसेसरचा कूलर हवा थंड करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता फक्त खोलीतल्या हवेत सोडतो. त्यामुळे कितीही महाग कूलर घेतला, तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही.

समजा, २५ अंशांच्या खोलीत काम करताना प्रोसेसर ७५ अंशांपर्यंत जातो. म्हणजे तो खोलीपेक्षा ५० अंश जास्त तापतो. हा फरक साधारण तसाच राहतो. खोली ४० अंशांची झाली की तोच प्रोसेसर ९० अंशांच्या आसपास जाईल. यूट्यूबवरच्या चाचण्या बहुतेक एसी असलेल्या खोलीत होतात. त्यातल्या आकड्यात आपल्याकडच्या उन्हाळ्याचे १५ अंश मिळवूनच निर्णय घ्या.

इंटेलच्या अलीकडच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश, तर एएमडी रायझनची बहुतेक ९० ते ९५ अंश असते. तिथे पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. रेंडर लांबण्याचं हे एक मोठं कारण आहे.

नवा कूलर घेण्याआधी काय तपासावं?

‘एचडब्ल्यूइन्फो’ किंवा ‘कोअर टेम्प’ हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि नेहमीचं जड काम करताना तापमान बघा. ते ८० ते ८५च्या आत राहत असेल तर कूलर बदलायची गरज नाही.

तापमान जास्त असेल तर आधी धूळ काढा. कूलरच्या पात्यांमध्ये साचलेली धूळ हवा अडवते. पीसी बंद करून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा. पीसीला चार-पाच वर्षं झाली असतील, तर प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. ती बदलायला फार खर्च येत नाही आणि तेवढ्यानेही बराच फरक पडू शकतो.

कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा. खिडकीतल्या कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर घेऊ नका. खोली थंड झाली तर पीसीला फायदाच होतो, पण झोताबरोबर येणारे पाण्याचे तुषार धुळीत मिसळून आत थर धरतात आणि पाण्यातले क्षार बोर्डवर राहतात.

कूलर निवडताना कोणत्या गोष्टी बघायच्या?

एवढं करूनही तापमान उतरलं नाही, तर नवा कूलर. ऑर्डर देण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. चुकीचा कूलर आला तर बदलून घेण्यात दिवस जातात किंवा जालन्याची खेप पडते.

पहिली गोष्ट सॉकेट. इंटेलच्या दहाव्या आणि अकराव्या पिढीच्या बोर्डवर कूलरच्या छिद्रांमधलं अंतर ७५ मिलिमीटर आहे. २०२१मध्ये आलेल्या बाराव्या पिढीपासून ते ७८ मिलिमीटर झालं. त्यामुळे जुना कूलर नव्या बोर्डवर तसाच बसत नाही, वेगळं ब्रॅकेट लागतं. एएमडीच्या एएम४ साठीचे बरेच कूलर एएम५ वर चालतात. पण एएम५ च्या बोर्डमागची पट्टी काढता येत नाही, म्हणून स्वतःची वेगळी पट्टी लागणारे कूलर तिथे चालत नाहीत.

दुसरी गोष्ट उंची. १२० मिलिमीटर पंख्याचे टॉवर कूलर साधारण १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात. कॅबिनेटमध्ये तेवढी जागा नसेल तर झाकण लागणार नाही. बोर्डपासून झाकणापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. पंखा रॅमला अडणार नाही, हेही बघा.

तिसरी गोष्ट विजेचा वापर. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेला इंटेल आय५-१२४०० पूर्ण ताणात ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. अशा प्रोसेसरला एका पंख्याचा टॉवर कूलर पुरतो. तो साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. आय९-१४९००के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल तरच दोन टॉवरचा किंवा मोठा लिक्विड कूलर बघा. लिक्विड कूलरही उष्णता खोलीतल्याच हवेत सोडतो आणि त्यातला पंप बिघडू शकतो. टॉवर कूलरचा पंखा गेला तर तेवढाच बदलता येतो.

चौथी गोष्ट कंपनीचा तयार पीसी. ऑफिसमधून आलेल्या रिफर्बिश्ड मशीनमध्ये बोर्ड आणि कूलरची बैठक अनेकदा त्या कंपनीपुरती वेगळी असते. मॉडेल नंबर टाकून तपासल्याशिवाय बाजारातला कूलर घेऊ नका.

बसवायचा कसा?

१. पीसी पाच मिनिटं चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद करून प्लग काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा.

२. पंख्याची वायर काढा. इंटेलच्या मूळ कूलरच्या चार पिना बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. एएम४ वर कूलर सरळ वर खेचू नका, आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. नाहीतर चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात.

३. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा.

४. नव्या कूलरची मागची पट्टी आणि ब्रॅकेट बसवा. कॅबिनेटला मागून खिडकी नसेल तर बोर्ड बाहेर काढावा लागेल.

५. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढा. ते तसंच राहिलं तर महाग कूलरही काम करत नाही. प्रोसेसरच्या मध्यावर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा, दाबाने ती आपोआप पसरते.

६. कूलर सरळ खाली ठेवा. स्क्रू समोरासमोरचे, तिरके, दोन-दोन फेरे देत आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली तर दाब असमान पडतो.

७. पंख्याची हवा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जाईल असा तो लावा. वायर बोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच जोडा, नाहीतर सुरू होताना एरर येऊ शकतो.

काम नीट झालं हे कसं ओळखायचं?

सुरू केल्यावर आधी बायोसमध्ये तापमान बघा. काही काम नसताना ते ४० अंशांच्या खोलीत साधारण ५० ते ६० असू शकतं. काही मिनिटांत ९०च्या पुढे गेलं तर लगेच बंद करा. प्लास्टिक राहिलंय, स्क्रू सैल आहे किंवा पंखा फिरत नाही.

सगळं ठीक असेल तर ‘सिनेबेंच’ दहा मिनिटं चालवा. ही चाचणी सकाळी नको, दुपारी तीनला घ्या. भर दुपारी तापमान मर्यादेच्या दहा अंश आत राहिलं, तर लग्नसराईतलं रेंडर उष्णतेमुळे अडणार नाही.