संपादकांना आलेली दोन पत्रे

वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला प्रत्येक मजकूर म्हणजे संशोधन नव्हे. तिथे औषधांच्या मोठ्या चाचण्या असतात, अनेक अभ्यासांचे एकत्रित आढावे असतात, एखाद्या रुग्णाची हकिगत असते आणि संपादकांना आलेली पत्रेही असतात. पुरावा म्हणून या प्रत्येकाचे वजन वेगळे. ते न ओळखल्यास काय होते, हे दोन पत्रांच्या इतिहासातून कळते.

पहिले पत्र १९६१ सालचे. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकले जात होते. गरोदरपणातील मळमळीवरही ते अनेक देशांत दिले जाई. जर्मनीतील डॉ. लेन्झ यांच्या इशाऱ्यानंतर नोव्हेंबर १९६१ मध्ये तिथे ते मागे घेतले गेले. डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅकब्राइड यांचे पत्र आले. हे औषध घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये गंभीर व्यंगे दिसत आहेत, इतर कोणाला असे आढळले आहे का, अशी विचारणा त्यात होती. पुढच्या काही महिन्यांत इतर डॉक्टरांची तशीच निरीक्षणे छापून आली. शंका मांडणे आणि इतरांना शोध घ्यायला लावणे, हेच पत्राचे काम.

दुसरे पत्र जानेवारी १९८० मधले, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधले. पोर्टर आणि जिक यांनी जेमतेम पाच वाक्यांत लिहिले होते, की अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्या फक्त ४ जणांत व्यसनाची नोंद सापडली. हे सर्व रुग्णालयात दाखल असलेले रुग्ण होते. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल पत्रात अवाक्षर नव्हते.

पण पुढे पराचा कावळा झाला. एका लेखातून दुसऱ्यात जाताना 'रुग्णालयात' हा शब्द गळला आणि 'वेदनाशामकांचे व्यसन क्वचितच लागते' एवढेच उरले. २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी मोजले, तेव्हा या पत्राचा हवाला ६०८ ठिकाणी सापडला. त्यांतील ४९१ लेखकांनी रुग्ण दाखल होते हे सांगितलेच नव्हते. तोवर उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाची साथ पसरली होती. तिची कारणे अनेक होती, पण या पत्राच्या चुकीच्या वापराने तिला हातभार लावला, असे त्या संशोधकांचे मत आहे. त्यानंतर नियतकालिकाने मूळ पत्रावर सावधगिरीची सूचना जोडली.

यात दोष औषधाचा नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत मॉर्फिन आजही मोलाचे आहे. आकडेही खोटे नव्हते. एका निरीक्षणाला सिद्धांताचा मान दिला गेला, ही खरी चूक.

म्हणून 'संशोधनात सिद्ध झाले आहे' असा संदेश मोबाईलवर आला, की तीन प्रश्न विचारा. मूळ मजकूर कोणत्या प्रकारचा आहे? तो कोणत्या रुग्णांबद्दल, किती काळासाठी आहे? आणि सांगणाऱ्याने तो स्वतः वाचला आहे का? उत्तरे मिळेपर्यंत आपले औषध सुरू किंवा बंद करू नका. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.