गळाची दोरी कुठून आली?

पावसाळा संपून तापीचे पाणी निवळू लागले की भुसावळच्या आसपास काठावर गळ टाकून बसलेली मुले दिसतात. वेळूची एक काठी, तिच्या शेंड्याला बांधलेली तंगुसाची दोरी, टोकाला गळ, मध्ये मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे. साहित्य एवढेच. अशाच एका मुलाने, आता तो अकरावीत आहे, मला विचारले, ‘सर, अमेरिकेत कॉलेजच्या मुलांच्या मासे पकडायच्या स्पर्धा असतात. एकेकाकडे पाच-सहा रॉड असतात. आपल्याला तसे काही करायचे तर कमीत कमी काय घ्यावे लागेल?’

त्याला यादी देऊन मोकळे होता आले असते. पण यादीतली प्रत्येक वस्तू मुळात दुसऱ्याच कुठल्या तरी उद्योगासाठी जन्माला आली आहे, आणि ती कथा कळली की पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत हेही आपोआप कळते.

त्या स्पर्धा ‘बास’ नावाच्या माशाच्या असतात. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. तापीत तो नाही. १९६७ साली रे स्कॉट या विमा एजंटाने आर्कान्सा राज्यातल्या बीव्हर जलाशयावर अशी मोठी स्पर्धा भरवली. प्रवेश फी शंभर डॉलर, स्पर्धक १०६. तिथून या खेळाला आजचे रूप आले आणि पुढे तो कॉलेजांतही शिरला. बास झुडपांच्या, पाणवेलींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालतो. वर्णन ओळखीचे वाटते ना? आपली मरळ हेच करते. म्हणून मी त्या मुलाला सांगितले, बास विसर, मरळ धरून चाल.

तापीकाठी मासेमारी किती जुनी? आजच्या नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सावळदा गाव आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्कृतीला पुरातत्त्वज्ञांनी या गावाचे नाव दिले आहे. तिथल्या मातीच्या भांड्यांवर बाणांची आणि काटेरी भाल्यांची चित्रे रंगवलेली आढळतात. सिंधू संस्कृतीतल्या मोहेंजोदडोला तर तांब्याचे गळच सापडले, आणि त्यांना आजच्यासारखा उलटा काटाही आहे. जगातले सर्वांत जुने ज्ञात गळ जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत मिळाले. ते समुद्री गोगलगाईच्या शिंपल्याचे असून सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे गळ हा शेतीपेक्षाही जुना.

लिखित माहितीसाठी आपल्याला फार दूर जायला नको. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने सुमारे ११३० साली ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ असा एक भागच आहे. माशांच्या जाती, त्यांना चारा घालण्याच्या रीती, दोरी, गळ, काठी, आमिषे हे सगळे राजाने लिहून ठेवले. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला त्यावर लेख लिहिला, तेव्हा कुठे मत्स्यशास्त्रज्ञांचे तिकडे लक्ष गेले. पण राजाला ही माहिती कोणी सांगितली असेल? नदीवर रोज उतरणाऱ्या माणसांनीच. त्यांचे नाव ग्रंथात नाही. पुढे १८७३ मध्ये मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस याने भारतातल्या गळाच्या मासेमारीवर मोठे पुस्तक लिहिले आणि महसीर मासा साहेबांच्या शिकारीच्या यादीत वर चढला. रीळ लावलेल्या काठीने मासा धरला तर तो ‘स्पोर्ट’. भोई-कोळ्याच्या पोराने वेळूच्या काठीने धरला तर ती पोटाची खटपट. नदी एक, मासा एक, फरक फक्त साहित्याच्या किमतीचा. ही किंमत कशी खाली आली तेच आता पाहू.

आधी गळ. गळाला टोक लागते, पोलाद लागते आणि दोरी ओवायला नाके लागते. म्हणजे वाकवलेली सुईच. म्हणूनच इंग्लंडमध्ये गळ बनवण्याचा धंदा सुया बनवणाऱ्या रेडिच गावात वाढला. नॉर्वेतल्या मुस्टाड कारखान्याने तर सुरुवात खिळ्यांपासून केली होती. १८७७ मध्ये तिथल्या मॅथियास टोप याने गळ वळवणारे यंत्र तयार केले आणि चांगला पोलादी गळ किरकोळ किमतीची वस्तू झाला. आजही साहित्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू हीच. बोथट गळाला महागडा रॉड लावून काही उपयोग नाही. गळ नखावरून हलकेच ओढून पाहावा: घसरला तर बोथट, रुतला तर धारदार.

दोरीची कथा जास्त रंजक आहे. युरोपात शतकानुशतके घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करत. पुढे रेशमी दोरी आली, पण पाण्यात दिसू नये म्हणून तिच्या टोकाला ‘गट’ जोडत. हे गट म्हणजे रेशमाच्या किड्याचे पोट. किडा कोष विणायला बसायच्या बेतात असताना त्याला व्हिनेगरमध्ये बुडवून मारायचे, आतली रेशीमग्रंथी काढायची आणि हाताने ताणून तिची तार करायची. स्पेनमधल्या मुर्सिया प्रांतात हा मोठा धंदा होता. एका किड्यामागे हातभर लांबीची तार मिळे. वाळली की ती ठिसूळ होई, म्हणून वापरण्याआधी भिजत घालावी लागे. असे तुकडे गाठीने जोडत बसायचे. महाग का असणार नाही?

१९३५ साली अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स याच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. १९३८ मध्ये त्याची घोषणा झाली. पहिला उपयोग दात घासायच्या ब्रशाच्या केसांसाठी, मग बायकांचे पायमोजे. ब्रशाचा केस म्हणजे नायलॉनचा एकसंध तंतू; तोच लांबच लांब काढला की गळाची दोरी. आपण जिला तंगूस म्हणतो ती हीच. कॅरोदर्स मात्र हे पाहायला उरला नाही. १९३७ मध्येच त्याने आत्महत्या केली होती. मुर्सियाचा धंदा पुढे बसला आणि दोरी सगळ्यांच्या आवाक्यात आली.

दोरी किती मजबूत हवी? इथे वर्गात प्रश्न विचारून पाहा: दोन किलोच्या माशाला किती ताकदीची दोरी लागेल? बहुतेक मुले ‘दोन किलोपेक्षा जास्त’ असे सांगतील. पण पाण्यात माशाचे वजन जवळजवळ शून्य असते. आर्किमिडीज तिथे आपल्या बाजूने असतो. दोरी तुटते ती वजनाने नव्हे, हिसक्याने. दोन किलोचा मासा सेकंदाला दोन मीटर वेगाने पळतो आहे असे समजा. त्याचा संवेग ४ एकक. दोरी ताठ आणि काठी दगडासारखी असेल आणि तो १/२० सेकंदात थांबला, तर दोरीवर ८० न्यूटन, म्हणजे साधारण आठ किलोचा ताण येईल. काठी वाकत गेली आणि तोच मासा अर्ध्या सेकंदात थांबला, तर ताण अवघा ८ न्यूटन. एक किलोही नाही. काठीचे खरे काम हे आहे: वेळ वाढवणे. क्रिकेटचा झेल घेताना आपण हात मागे नेतो, तेच.

म्हणून जाड दोरी घेण्यापेक्षा मध्यम दोरी आणि लवचीक काठी बरी. आणि गाठ! नायलॉनची गाठ कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच दोरी कमजोर होते. आवळण्यापूर्वी थुंकी लावून ओली करावी. हा उपाय फुकटचा आहे, आणि महागड्या दोरीच्या जाहिरातीत तो कधी नसतो.

काठी आपल्याकडची वेळूची. युरोप-अमेरिकेतले कारागीर एकोणिसाव्या शतकात बांबू चिरून, सहा त्रिकोणी पट्ट्या एकत्र चिकटवून षट्‌कोनी काठी करू लागले. बांबूचे बळकट धागे सालीजवळ दाट असतात. अशा जोडणीत काठीच्या सर्व बाजूंनी सालच येते. यासाठीचा बांबू बरीच वर्षे भारतातून जाई आणि ‘कलकत्ता केन’ म्हणून ओळखला जाई. आपला बांबू तिकडे जाऊन साहेबाचा रॉड होऊन परत येत असे, असे म्हणायला हरकत नाही. नंतर त्याची जागा चीनच्या बांबूने घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काचतंतू आणि रेझिन यांचे मिश्रण पुढे आले. आर्थर हॉवल्ड या अमेरिकन संशोधकाने त्याची काठी बनवली आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात आली. १९७३ मध्ये कार्बन तंतूची काठी आली. तो तंतू विमानांसाठी चाललेल्या संशोधनातून आलेला. कार्बनची काठी हलकी, ताठ आणि महाग.

भुसावळच्या मुलांसाठी इथे एक गोष्ट ठळक सांगायला हवी. कार्बन विजेचा वाहक आहे. रेल्वेच्या वरच्या तारांत २५,००० व्होल्ट दाब असतो. तारेला स्पर्श व्हायचीही गरज नाही, जवळ गेले तरी ठिणगी उडी मारू शकते. कार्बनची लांब काठी उभी धरून रुळांच्या किंवा कुठल्याही विजेच्या तारांच्या जवळून जाणे म्हणजे जिवाशी खेळ. काठी घडी करून, आडवी धरून न्यावी. ओल्या वेळूच्या काठीचाही भरवसा नाही.

रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायची चक्री, चिनी चित्रांत आठशे वर्षांपूर्वीच दिसते. पण हलके आमिष दूर फेकायचे तर अडचण येते: दोरी सुटताना चक्रीला फिरावे लागते आणि हलक्या आमिषाला ती फिरवता येत नाही. १९०५ मध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ याने याचे पेटंट घेतले. हा ब्रॅडफर्डच्या लोकरी कापडाच्या धंद्यातला माणूस. गिरणीत बॉबिन स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून वेटोळी सोडत निघते, हे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. जळगाव, अमळनेर, धुळ्याच्या गिरण्यांत ज्यांचे आजोबा होते त्या मुलांना हे घरात विचारता येईल. वर्गात करून पाहा: शिलाईच्या दोऱ्याचे रीळ पेन्सिलीत ओवून आडवे धरा आणि दोरा ओढा, मग रीळ टेबलावर उभे ठेवून दोरा वरून ओढा. दुसऱ्या वेळी रीळ हलत नाही, तरी दोरा सरसर निघतो. आज मिळणारे स्वस्त ‘स्पिनिंग रीळ’ याच तत्त्वावर चालते. त्यात एकच भाग पारखून घ्यावा, तो म्हणजे ताण वाढला की दोरी आपणहून सरकू देणारा ब्रेक. तो अडखळत असेल तर रीळ परत द्यावे, बाकी रंग-चकाकी पाहू नये.

राहिले आमिष. बासच्या स्पर्धांत जिवंत आमिष चालत नाही, कृत्रिमच लागते, आणि दुकानात सर्वांत जास्त पैसे इथेच जातात. पण याचा इतिहास सगळा गरिबीतला आणि घरातला. फिनलंडमधला कोळी लौरी रापाला याने पाहिले की मोठा मासा कळपातल्या लंगडत पोहणाऱ्या माशावरच झडप घालतो. १९३६ मध्ये त्याने चांभाराच्या सुरीने बुचाचा मासा कोरला, चॉकलेटच्या चांदीने मढवला आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचे रोगण दिले. अमेरिकेत निक क्रीम याने १९४९ मध्ये स्वयंपाकघरात प्लास्टिकचे गांडूळ ओतले. दोघांच्या पुढे कंपन्या झाल्या. आपल्याकडे बुचाऐवजी पांगाऱ्याचे हलके लाकूड चालेल. सावंतवाडीची खेळणी त्याचीच होत असत. मरळीसाठी पाण्यावर तरंगणारा बेडूक कोरावा.

तर शंभर रुपयांचा हिशेब असा: आधी चांगले गळ आणि दोरी, मग काचतंतूची मध्यम काठी, उरले त्यात साधे रीळ. आमिष घरी. पाच-सहा रॉड लागतात ते दर वेळी आमिष बदलायला वेळ जाऊ नये म्हणून. शिकणाऱ्याला एक पुरतो.

आता नदीकडे. भुसावळ तालुक्यातले हतनूर धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. अशा जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. गळ टाकण्याआधी त्यांना विचारणे हा पहिला नियम. तिथली वयस्क माणसे पाण्याचा तळ पाठ सांगतात, आणि ही माहिती कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही. पावसाळ्यात मरळ नर-मादी मिळून तांबूस पिल्लांच्या थव्याची राखण करतात. त्या वेळी थव्यावर बेडूक फेकला की मरळ भुकेने नाही, रागाने झेपावते आणि हमखास गळाला लागते. ती उचलली की थवा इतर माशांच्या तोंडी जातो. बासही पिल्ले राखतो. रे स्कॉटने १९७२ पासून मासे जिवंत परत सोडण्याची पद्धत रुजवली, त्यामागे मासे कमी होत चालल्याची चिंता होती. परत सोडायचा तर गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. त्याला खर्च नाही.

नायलॉनची एक खोड मात्र राहतेच. घोड्याचा केस कुजतो, रेशीम कुजते. तंगूस कुजत नाही. हतनूरला हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि काठावर टाकलेल्या दोरीत त्यांचे पाय अडकू शकतात. गुंतलेला तुकडा खिशात घालून घरी आणायचा, एवढी एक अट मी त्या मुलाला घातली आहे.

त्याने यादी लिहून घेतली नाही. परवा भेटला तेव्हा पांगाऱ्याची फांदी मिळाल्याचे सांगत होता. चॉकलेटची चांदी जमवायचे काम धाकट्या बहिणीकडे दिले आहे म्हणे, आणि चॉकलेटचे पैसे मात्र तिने त्याच्याकडेच मागितले आहेत.